माता हवी, गुरू नको?

संत याकोबाने आपल्या पत्रात जिभेला जहाजाच्या सुकाणूची उपमा दिली आहे. जहाज केवढेही अवाढव्य असो, वारा कितीही सोसाट्याचा असो, सुकाणू असते लहानसेच. पण सारे जहाज वळते ते त्याच्यामुळे. याकोबाने हे लिहिले त्या काळी माणसाच्या जिभेची धाव फार तर बाजारपेठेपर्यंत किंवा सभास्थानापर्यंत असे. पुढे छापखाना आला, वृत्तपत्रे आली, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी आली. एका माणसाच्या शब्दाला लाखो डोळे आणि कान लाभले. सुकाणू होते तेवढेच राहिले. जहाज मात्र फार मोठे झाले.

अमेरिकेतील विल्यम एफ. बकली हे अशाच एका मोठ्या जहाजाचे सुकाणू धरून बसलेले गृहस्थ होते. नियतकालिकाचे संस्थापक आणि संपादक, राजकीय स्तंभलेखक, दूरचित्रवाणीवरील वादपटू, महापौरपदाचे उमेदवार, हेरकथांचे लेखक, नभोवाणी केंद्रे चालविणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष आणि शिडाच्या नौकेतून अटलांटिक महासागर ओलांडणारे हौशी दर्यावर्दी! एका आयुष्यात माणसाने किती उद्योग करावेत याची मर्यादा जणू त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. या सगळ्या धावपळीच्या तळाशी एक गोष्ट मात्र जन्मापासून मरणापर्यंत कायम राहिली. ते कॅथलिक होते. नावापुरते नव्हे, तर नित्य जपमाळ करणारे कॅथलिक होते.

माझे कुतूहल नेमके येथे आहे. बकली यांची राजकीय मते वाचकांपैकी कोणाला पटतील, कोणाला पटणार नाहीत. त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार धर्मगुरूला नाही आणि मला ती हौसही नाही. परंतु ज्याच्या एका हाती जपमाळ आणि दुसऱ्या हाती लेखणी आहे, अशा माणसाच्या आयुष्यात एक प्रसंग हमखास येतो. लेखणी एक म्हणते आणि ख्रिस्तसभा दुसरेच सांगते. अशा वेळी कोणता हात मागे घ्यायचा? बकली यांच्यासारख्या बुद्धिमान आणि श्रद्धाळू माणसाने या प्रश्नाला वेळोवेळी दिलेली उत्तरे आपणा सर्वांना विचार करावयास लावणारी आहेत.

त्यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९२५ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. दहा भावंडांतील ते सहावे. वडील मूळचे टेक्सासचे वकील. तेलाच्या व्यवसायासाठी मेक्सिकोत गेलेले. तेथील क्रांतिकारी राजवटीने ख्रिस्तसभेचा छळ मांडला होता. बकलींचे वडील त्या राजवटीचे उघड विरोधक. १९२१ साली त्यांना देशातून घालवून देण्यात आले आणि त्यांची तेथली मालमत्ता गेली. सरकार नावाची वस्तू माणसाची श्रद्धा आणि त्याची मिळकत या दोहोंवर एकदमच घाला घालू शकते, ही शिकवण त्या घरातील मुलांना अशी अनुभवाच्या वाटेने मिळाली. बकलींचे पुढचे राजकारण समजून घ्यायचे तर ही घरची कथा विसरून चालत नाही. मेक्सिकन दाईच्या मांडीवर ते प्रथम बोलू लागले ते स्पॅनिश. नंतर पॅरिसमध्ये फ्रेंच आणि त्यानंतर लंडनमध्ये इंग्रजी! ज्या इंग्रजीच्या बळावर पुढे त्यांनी अमेरिकेला स्तिमित केले, ती त्यांची तिसरी भाषा होती.

दुसऱ्या महायुद्धात सैन्यात नोकरी करून ते येल विद्यापीठात दाखल झाले. तेथील विद्यार्थ्यांच्या दैनिकाचे ते प्रमुख होते. पदवी घेऊन बाहेर पडल्यावर १९५१ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी आपल्याच विद्यापीठावर टीका करणारे ‘गॉड अँड मॅन अॅट येल’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. श्रद्धावान माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर चालणारे हे विद्यापीठ मुलांची श्रद्धा मात्र खिळखिळी करते, आणि मुक्त अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा विश्वासही उडविते, अशी त्यांची तक्रार होती. पुस्तकावर वादळ उठले. पण माझे लक्ष वेधून घेते ती त्या पुस्तकात घातलेली गाठ. देव आणि बाजार या दोन गोष्टी बकलींनी एकाच पुस्तकात, एकाच आवेशाने आणि जणू एकाच पातळीवर पाठीराख्या म्हणून उभ्या केल्या. ही गाठ त्यांना पुढे आयुष्यभर पुरली. आणि अधूनमधून काचलीही.

मध्यंतरी अमेरिकन गुप्तचर खात्याच्या नोकरीत मेक्सिको येथे काही महिने काढून ते परतले आणि १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केले. सुरुवातीला ते साप्ताहिक होते, पुढे पाक्षिक झाले. वडिलांनी एक लाख डॉलर दिले. उरलेले भांडवल बकलींनी दारोदार फिरून, व्याख्याने देऊन, ओळखीपाळखीच्या धनिकांना पटवून गोळा केले. मतदानाचा अधिकार असलेले सारे भाग त्यांनी स्वतःच्या हाती ठेवले. याचे कारण धोरणी होते. संपादक मंडळात कोण कोण होते पाहा : साम्यवाद सोडून आलेले जुने कार्यकर्ते, मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते, परंपरेचे अभिमानी, कट्टर कॅथलिक. या मंडळींचे आपापसांतच पटणे कठीण. घरभेद झाला तरी घर मोडू नये, म्हणून किल्ली एकाच्या हाती असावी, हा हिशेब.

ज्यांनी एखादे लहानसे नियतकालिक चालविले आहे त्यांना पुढची हकिकत ऐकून समाधान वाटेल. या नियतकालिकाचे उत्पन्न आणि खर्च यांची तोंडमिळवणी जवळजवळ कधीच झाली नाही! वर्षानुवर्षे तूट येत राहिली आणि संपादक वाचकांना पत्रे लिहून देणग्या मागत राहिले. बकलींच्या व्याख्यानांचे मानधनही त्याच खड्ड्यात जाई. विचारांचे मासिक हा धंदा नव्हे. ते एक व्रत असते आणि त्याचा खर्च व्रत घेणाऱ्याने सोसायचा असतो, हे धंद्याची एवढी बाजू घेणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या आचरणातून सिद्ध केले. या व्रताचे फळ उशिरा पण मोठे मिळाले. रोनाल्ड रेगन हे या नियतकालिकाचे जुने वाचक. १९८० साली ते अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, तेव्हा त्या विजयाची जमीन पंचवीस वर्षे कोणी नांगरली होती हे सर्वांना ठाऊक होते.

लेखणीबरोबर वाणीही आली. १९६२ पासून त्यांचा स्तंभ अनेक वृत्तपत्रांत एकाच वेळी छापला जाऊ लागला. १९६६ साली ‘फायरिंग लाइन’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला आणि १९९९ पर्यंत, तेहतीस वर्षे, एकाच सूत्रधाराने चालविला. त्याचे १,५०४ भाग झाले. कार्यक्रमाचे स्वरूप अगदी साधे. दोन खुर्च्या, एक पाहुणा, हातात टिपणांचा फळा आणि मनात भरपूर तयारी. ज्यांची मते आपल्याला बिलकुल मान्य नाहीत त्यांनाच ते आवर्जून बोलावीत आणि त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेऊन मग त्यांच्याशी झुंजत. १९८९ साली कलकत्त्याच्या मदर तेरेसांशीही त्यांनी या कार्यक्रमात संवाद केला. आज वाहिन्यांवर एका चौकटीत आठ तोंडे एकदम ओरडताना पाहिली की त्या दोन खुर्च्यांची आठवण यावी.

१९६५ साली न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी ते उभे राहिले. निवडून आलात तर पहिली गोष्ट कोणती कराल, असे विचारताच ते म्हणाले होते, “फेरमोजणीची मागणी करीन!” तेरा टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळवून ते पराभूत झाले आणि त्या पराभवावर त्यांनी एक पुस्तक लिहिले. १९७३ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत ते अमेरिकेच्या शिष्टमंडळात होते. १९७६ पासून त्यांच्या हेरकथा येऊ लागल्या. पन्नासाहून अधिक पुस्तके आणि हजारो स्तंभलेख एवढा त्यांचा संसार. परंतु या यादीपाशी न रेंगाळता मी ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो.

१५ मे १९६१ ही तारीख असलेले ‘मातेर एत माजिस्त्रा’ हे विश्वपत्र पोप जॉन तेविसावे यांनी त्या उन्हाळ्यात प्रसिद्ध केले. या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘माता आणि गुरू’. ख्रिस्तसभा ही सर्व राष्ट्रांची माता आहे आणि गुरूही आहे, या अर्थाने पत्राची सुरुवात होते. पोप लिओ तेरावे यांच्या ‘रेरुम नोवारुम’ या १८९१ सालच्या विश्वपत्राला सत्तर वर्षे झाली होती. कामगाराला न्याय्य वेतन, शेतकऱ्याला आधार, दुर्बळांच्या रक्षणासाठी शासनाचा योग्य हस्तक्षेप, आणि श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांना स्वार्थ न बघता करावयाची मदत, असे त्याचे विषय. आपल्यासारख्या देशातील ख्रिस्ती माणसाला ते पत्र आपल्याचसाठी लिहिले आहे असे वाटावे.

‘नॅशनल रिव्ह्यू’ला ते रुचले नाही. साम्यवादाने अर्धे जग गिळले असताना पोपमहोदय शेतीमालाच्या भावाची आणि सामाजिक विम्याची चर्चा करीत बसले आहेत, असा त्यांचा रोख. जुलैच्या अंकातील छोट्या संपादकीय टिपणात हे विश्वपत्र म्हणजे एक क्षुल्लक उद्योग ठरेल, अशा आशयाची शेरेबाजी झाली. त्यानंतर ऑगस्टमध्ये आणखी एक ओळ छापली गेली. कॅथलिक पुराणमतवाद्यांमध्ये सध्या एक वाक्य फिरते आहे, असे म्हणून दिलेले ते वाक्य असे : ‘मातेर सी, माजिस्त्रा नो.’ माता हवी, गुरू नको! क्यूबातील क्रांतिकारकांच्या ‘क्यूबा सी, यांकी नो’ या घोषणेचे हे विडंबन. मूळ कोटी गॅरी विल्स या तरुण कॅथलिक लेखकाची; फोनवरच्या गप्पांत सहज केलेली. परंतु गप्पांतली कोटी आणि छापलेली कोटी यांत फार अंतर असते.

अमेरिकेतील येशूसंघीयांच्या ‘अमेरिका’ या साप्ताहिकाने या वाक्याचा खरपूस समाचार घेतला. वाद अनेक महिने गाजला. अखेर विल्स यांनी १९६४ साली त्यावर एक संपूर्ण पुस्तकच लिहिले. विश्वपत्रातील कोणती गोष्ट श्रद्धेची, कोणती विवेकाची आणि कोणती केवळ परिस्थितीच्या अंदाजाची, याची त्यात छाननी होती. म्हणजे एका ओळीच्या विनोदातून एक गंभीर अभ्यास निपजला. देवाची योजना अशीही असते.

बकलींवर अन्याय होऊ नये म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण म्हणजे अंदाजपत्रक नव्हे. वेतन न्याय्य असले पाहिजे हे तत्त्व ख्रिस्तसभा सांगते. ते किती रुपये असावे आणि कोणत्या कायद्याने मिळावे हे ठरविण्याचे काम प्रापंचिकांचे, त्या त्या विषयातील जाणकारांचे. या मर्यादेत मतभेदाला भरपूर जागा आहे, आणि तो मतभेद म्हणजे अवज्ञा नव्हे. बकलींनी ठामपणे, पुराव्यानिशी, आदराने असहमती नोंदविली असती तर तिला कोणी नावे ठेवू नयेत. माझे दुःख निराळेच आहे. त्या वाक्यात मतभेद नाही. त्यात हात झटकणे आहे. गुरूचे ऐकून, समजून घेऊन मग ‘हे मला पटत नाही’ असे म्हणणारा शिष्य वेगळा आणि वर्गात शिरण्यापूर्वीच फळ्यावर गुरूचे व्यंगचित्र काढून ठेवणारा वेगळा.

आणि हा फळा एकट्या बकलींचा नव्हता. सात वर्षांनी, १९६८ साली, पोप सहावे पॉल यांचे ‘हुमाने विते’ हे कुटुंबनियोजनासंबंधीचे विश्वपत्र आले. तेव्हा बकलींच्या विरुद्ध टोकाला बसलेल्या असंख्य कॅथलिकांनी नेमके हेच केले. गरिबांविषयी बोलणारी ख्रिस्तसभा त्यांची गुरू. शयनगृहाविषयी बोलणारी नव्हे! एकाला बाजारात गुरू नको, दुसऱ्याला घरात नको. दोघांनाही माता हवीच होती. बाप्तिस्म्याला, लग्नाला, मरणाला माता लागतेच. ती कुशीत घेते, क्षमा करते आणि काही विचारीत नाही, असे आपण मानून चालतो. परंतु जी माता मुलाला काहीच शिकवीत नाही, ती माता कसली?

गुरूचे न ऐकण्याची किंमत काय असते हे बकलींच्याच आयुष्यात दुसऱ्या एका ठिकाणी दिसते. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना शाळेत, आगगाडीत, उपाहारगृहात, इतकेच नव्हे तर काही ठिकाणी देवळातही वेगळे बसविले जाई. मतदानापासून त्यांना नाना युक्त्यांनी दूर ठेवीत. १९५७ च्या ऑगस्टमध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ने संपादकीय लिहिले. दक्षिणेतील गोऱ्या समाजाला, तो संख्येने कमी असेल तेथेही, वर्चस्व राखण्याचा हक्क आहे, कारण सध्या तरी तोच अधिक प्रगत आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. आज ते वाचताना मान खाली जाते.

आता ही दुसरी बाजू पाहा. बकलींची आई न्यू ऑर्लिन्सची. त्याच न्यू ऑर्लिन्सचे महागुरुस्वामी जोसेफ रमेल यांनी १९५६ च्या फेब्रुवारीत, म्हणजे त्या संपादकीयापूर्वी दीड वर्ष, आपल्या धर्मप्रांताला पत्र लिहून सांगितले होते की वर्णावरून माणसांची अशी ताटातूट करणे हे चूक आहे, पाप आहे. १९५८ साली अमेरिकेतील सर्व महागुरुस्वामींनी मिळून तेच सांगितले. १९६२ साली रमेल यांनी कॅथलिक शाळांतील भेद संपविण्याचे जाहीर केले, तेव्हा उघड विरोध करणाऱ्या तिघा कॅथलिकांना त्यांनी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले. म्हणजे गुरू बोलत नव्हती असे नव्हे. ती बोलत होती. तीही त्यांच्या आईच्या गावातून. पण ज्या कानाला एका विषयात गुरू नको असते, त्याला दुसऱ्या विषयातही तिचा आवाज हळूहळू ऐकू येईनासा होतो.

१९६५ च्या फेब्रुवारीत केंब्रिज विद्यापीठाच्या वादसभेत बकलींची गाठ जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाशी पडली. अमेरिकेचे सुखस्वप्न कृष्णवर्णीयांच्या जिवावर उभे आहे काय, असा विषय होता. बाल्डविन बोलून बसले तेव्हा सारी सभा उभी राहिली. मतदान झाले : बाल्डविन यांच्या बाजूने ५४४, बकलींच्या बाजूने १६४. इतका वाक्पटू माणूस त्या रात्री हरला, कारण समोरचा माणूस सोसलेले सांगत होता आणि हे युक्तिवाद सांगत होते.

परंतु येथेच बकलींचे मोठेपणही सांगितले पाहिजे. २००४ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एका मुलाखतीत त्यांना विचारले गेले : आपण घेतलेल्या भूमिकांपैकी एखादीचा आज पश्चात्ताप होतो काय? त्यांनी उत्तर दिले की, तो भेदभाव आपोआप, हळूहळू संपेल असे मला वाटत असे. माझे चुकले, केंद्र शासनाने हस्तक्षेप करणे आवश्यक होते. जन्मभर ज्यांनी शासनाच्या हस्तक्षेपाला विरोध केला, त्यांच्या तोंडचे हे शब्द आहेत. सत्तेचाळीस वर्षे लागली. पण ते शब्द आले. आपल्यापैकी किती जणांच्या तोंडून असे शब्द जाहीरपणे निघतात?

स्वतःच्या बाजूच्या लोकांना चार शब्द सुनावण्याचे धैर्यही त्यांच्यापाशी होते. साम्यवादविरोधाच्या नावाखाली ‘जॉन बर्च सोसायटी’ ही संघटना तेव्हा फोफावत होती. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हेच साम्यवाद्यांचे हस्तक आहेत, असले भन्नाट आरोप तिचे संस्थापक करीत. बकलींच्या वाचकांत आणि देणगीदारांत त्या संघटनेची माणसे पुष्कळ होती. तरी १९६२ च्या फेब्रुवारीत त्यांनी तिच्या संस्थापकावर सविस्तर टीका छापली. वर्गणीदार रागावले, देणग्या बंद झाल्या. तुटीत चालणाऱ्या मासिकाच्या मालकाने असे करणे म्हणजे स्वतःच्या ताटातला घास बाजूला सारणेच होय. असत्य आपल्या सोयीचे असले तरी ते असत्यच, हा धडा ज्या गुरूकडून त्यांनी घेतला होता तिचे नाव आपणा सर्वांना माहीत आहे.

बाकी पडझडीही झाल्या. १९६८ साली दूरचित्रवाणीवरील थेट चर्चेत गोर व्हिडाल या लेखकाने त्यांना नाझी विचाराचा म्हणताच त्यांचा तोल सुटला. त्यांनी लक्षावधी प्रेक्षकांसमोर त्याला हलकट शिवी दिली आणि तोंड फोडण्याची भाषा केली. पुढल्या वर्षी दीर्घ लेख लिहून त्यांनी शेवटी क्षमा मागितली. तरी कोर्टकचेरी काही टळली नाही. न्यू जर्सीतील एका मुलीच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेला एडगर स्मिथ हा कैदी निरपराध आहे असे मानून त्यांनी वर्षानुवर्षे लेखणी झिजविली, त्याच्यासाठी पैसा उभा केला. १९७१ साली तो सुटला, आणि १९७६ साली त्याने दुसऱ्या एका स्त्रीवर सुरीहल्ला केला. सुदैवाने ती वाचली. फरारी स्मिथने मदतीसाठी बकलींच्याच कचेरीत फोन केला, तेव्हा बकलींनी त्याचा ठावठिकाणा तत्काळ पोलिसयंत्रणेला कळविला. स्टार ब्रॉडकास्टिंग या त्यांच्या कंपनीच्या व्यवहारांबद्दल अमेरिकेच्या रोखे आयोगाने आरोप ठेवले. १९७९ साली, आरोप मान्य वा अमान्य न करता, त्यांनी भागधारकांना मोठी भरपाई देऊन ते प्रकरण मिटविले. बाजाराचा एवढा कैवार घेणाऱ्याला बाजाराचे नियम असे शिकावे लागले. पोप जॉन यांच्या ज्या पत्राची त्यांच्या मासिकाने थट्टा केली होती, त्यात बाजारावर नीतीचे आणि शासनाचे नियंत्रण असावे हेच तर सांगितलेले होते.

या सर्वांतून त्यांची श्रद्धा मात्र सुटली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साबली लोकभाषेत होऊ लागला, तेव्हा त्यांना ते फार लागले. लॅटिन उपासनेवर त्यांचे आत्यंतिक प्रेम होते. आपल्याला त्यांचे हे दुःख समजायला थोडे कठीण जाते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी मराठीत ख्रिस्तपुराण रचले. आपल्या पूर्वजांच्या ओठांवर ख्रिस्तकथा आपल्याच भाषेत रुळली. वेदीवर आपली भाषा ऐकणे हे आपल्यासाठी घरी परतणे होते. बकलींसाठी ते घर सोडणे होते. तरी येथे त्यांनी जे केले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांनी तक्रार लिहिली, ती छापली; पण ख्रिस्तसभा सोडली नाही, वेगळी चूल मांडली नाही. ज्यात मन रमत नाही त्या उपासनेतही गुडघे टेकता येतात, हे त्यांनी दाखविले. १९६१ साली जी विनम्रता लेखणीला साधली नाही ती गुडघ्यांना साधली. १९९७ साली त्यांनी आपल्या श्रद्धेची कहाणी ‘निअरर, माय गॉड’ या पुस्तकात सांगितली.

२००७ च्या एप्रिलमध्ये त्यांची पत्नी पॅट्रिशिया निवर्तली. जवळजवळ सत्तावन्न वर्षांचा संसार संपला. २७ फेब्रुवारी २००८ रोजी सकाळी कनेक्टिकटमधील स्टॅमफर्ड येथील घरी, लिहिण्याच्या मेजापाशी, बकलींना मृत्यू आला. वय ८२. रेगन यांच्यावरील पुस्तकाचे काम तेव्हा चालू होते. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये त्यांच्यासाठी मिस्साबली अर्पण झाला. मातेने आपल्या या बोलक्या लेकराला शेवटी उराशी घेतले.

वाचकहो, बकली दूर देशीचे आणि मोठ्या घरचे. आपल्यापैकी कोणापाशी दूरचित्रवाणी केंद्र नाही, मासिकही नाही. परंतु आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे आणि त्यामुळे प्रत्येक जण संपादक झाला आहे. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांत सकाळच्या चहाबरोबर राजकीय मजकूर वाटला जातो. त्यातला खरा किती, खोटा किती, हे कोणी पाहत नाही. बकली आपल्या खुर्चीवर बसण्याआधी पाहुण्याचे पुस्तक वाचून येत. आपण दुसऱ्याकडे मजकूर पाठविण्यापूर्वी तो निदान पूर्ण वाचतो काय?

याहून मोठा प्रश्न ‘माता हवी, गुरू नको’ या वृत्तीचा आहे. मजुरांच्या वेतनावर प्रवचन केल्यावर एक सज्जन मला देवळाबाहेर म्हणाले होते, “फादर, तुम्ही देवाचं सांगा. धंद्याचं आमच्यावर सोडा.” गृहस्थ भाविक, दानशूर, देवळाच्या दुरुस्तीला त्यांनी सढळ हाताने मदत केली होती. गर्भपाताविरुद्ध मी बोललो त्या रविवारी मात्र त्यांनी आवर्जून माझे अभिनंदन केले होते. आणि त्या रविवारी ज्या शिकलेल्या तरुण मंडळींनी तोंडे वाकडी केली, त्यांनाच मजुरांचे प्रवचन अतिशय आवडले! दोन्ही रविवारी मी एकाच ग्रंथातून बोललो होतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात निसर्गाविषयी लिहिले, तेव्हाही असेच झाले. विहिरी खारट झाल्याचे दुःख करणारे सगळे. पण स्वतःच्या वाडीचा व्यवहार ठरविताना ते पत्र आठवणारे थोडे.

२०२५ च्या मे महिन्यात बकलींच्याच देशात जन्मलेला एक धर्मगुरू पोप झाला. त्यांनी लिओ हे नाव घेतले आणि त्याचे कारणही सांगितले : कामगारांच्या प्रश्नावर ‘रेरुम नोवारुम’ लिहिणाऱ्या लिओ तेराव्यांचे स्मरण. यंत्रे विचार करू लागण्याच्या या काळात माणसाच्या श्रमाची प्रतिष्ठा राखायची आहे, असा त्यांचा आशय होता. ज्या परंपरेला १९६१ साली अमेरिकेतील काही हुशार कॅथलिकांनी हसण्यावारी नेले, त्याच परंपरेचा धागा आज एक अमेरिकन पोप हाती घेऊन उभे आहेत. बकली असते तर काय लिहिते कोण जाणे! वाद तर त्यांनी घातलाच असता. तो घालण्यापूर्वी त्यांनी ते पत्र दोनदा वाचले असते, अशी आशा मला २००४ मधील त्यांच्या त्या उत्तरामुळे वाटते.

आपल्या घरातील मुले-मुली आज वृत्तपत्रांत, वाहिन्यांत, राजकीय पक्षांत जाऊ पाहत आहेत. त्यांनी जावे, ख्रिस्ती माणसाचा शब्द समाजात ऐकू आलाच पाहिजे. जाताना त्यांनी बकलींचा अभ्यास, त्यांचे औदार्य, विरोधकाला खुर्ची देण्याची त्यांची रीत बरोबर न्यावी. आणि आपल्या पक्षाचे, आपल्या गटाचे, आपल्या धंद्याचे मत जेव्हा ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या आड येईल, तेव्हा कोटी करण्यापूर्वी क्षणभर थांबून तिचे म्हणणे ऐकून घ्यावे. याकोबाने सांगितलेले ते लहानसे सुकाणू तेवढ्या एका क्षणात योग्य दिशेला वळू शकते. ज्या पवित्र मातेची जपमाळ बकलींनी आयुष्यभर केली, ती आपल्या लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या सर्व लेकरांसाठी विनंती करो.